निळ्या टायवर लावलेला बोकड

बोकडाच्या गळ्यातली दोरी मी दोन्ही हातांनी धरली होती. सुरी व्याह्याच्या हातात होती. म्हातारा, म्हणजे माझा नवरा, खाटेवर मान खाली घालून बसला होता. आणि टीव्हीवर अमेरिकेचे दोन पुढारी एकमेकांचा हात हलवत हसत होते. तोच तुकडा पुन्हा पुन्हा दाखवत होते. पुन्हा हात, पुन्हा हसू.

"निळा हरला!" व्याही सपरीतून, म्हणजे पुढच्या ओसरीतून, ओरडला. "इहीनबाई, दोरी सोडा."

"सोडत नाई."

"पैज म्हणजे पैज जी."

अंगणात बायका विळे घेऊन उभ्या होत्या. धान कापायला निघालेल्या त्या, पण असा तमाशा सोडून कोण जाते? शेजारचा पोवार पाटील कुडाला टेकून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. सून रिमोट छातीशी धरून टीव्हीजवळ उभी होती, कोणाकडंच न बघता. बोकडाला कशाचाच पत्ता नव्हता. तो माझ्या लुगड्याचा पदर चावत होता.

तो बोकड माझा होता. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. शेती म्हाताऱ्याच्या नावावर, घर म्हाताऱ्याच्या नावावर, टीव्ही मुलाच्या पगारातला. शेळ्या माझ्या. माझ्या आईनं लग्नात मला एक पाठ, म्हणजे शेळीचं मादी पिल्लू, दिली होती, तिच्याच पोटची ही सगळी पिढी. बाईच्या शेळ्यांना आमच्या घरी पुरुषानं कधी हात लावला नाही. चारायला नेलं नाही, म्हणून बाकी कशालाही हात लावला नाही. हा बोकड मी कापायला ठेवला नव्हता, पिलांसाठी ठेवला होता. उंच, लांब कानांचा, चालला की शेळ्या मान वर करत. आसपासच्या गावच्या बायका आपल्या शेळ्या घेऊन माझ्या दारात यायच्या. मला पार कोहमारा गावापर्यंत लोक 'बोकडवाली बाई' म्हणून ओळखायचे. म्हणताना हसत असतील. हसोत. माझ्या नवऱ्याला कोहमाऱ्यापर्यंत कोणी ओळखत नव्हतं.

आता अमेरिका आमच्या घरात कशी आली ते सांगते.

मुलगा गोंदियाला राईस मिलमध्ये कामाला. तो तिकडंच खोली करून राहायचा, सुट्टीला यायचा. सून आमच्याजवळ. ती बीए झालेली, सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होती. कोणीतरी तिला सांगितलं, की इंग्रजी सुधारायचं तर इंग्रजी बातम्या ऐकत जा. घरावर टीव्हीची छत्री नवीनच लागली होती. म्हणून सकाळी उठून, चूल पेटवून, ती टीव्ही लावायची आणि भाजी चिरता चिरता इंग्रजी ऐकायची. म्हातारा कपबशी घेऊन समोर बसायचा. त्याला एक अक्षर समजत नव्हतं. पण टीव्ही चालू आहे आणि आपण बघत नाही, हे त्याला वाया गेल्यासारखं वाटायचं.

एका सकाळी पडद्यावर दोन माणसं दिसली. दोन मेजांच्या मागं उभी, आणि समोर तिसरा एक बसलेला. एक बोलायचा, मग दुसरा बोलायचा. नाच नाही, गाणं नाही, मारामारी नाही.

"हे काय चालू हाये?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मामाजी, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निवडायचा हाये. हे दोघं उभे हायेत. समोरासमोर सवाल-जवाब करून राहिले."

म्हातारा ताठ बसला. "म्हणजे खडी गंमत!"

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि मंडईत खडी गंमत असते. दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात. एक शाहीर सवाल टाकतो, दुसऱ्यानं जवाब द्यायचा. ज्याला जवाब सुचत नाही त्याला लोकच शिट्ट्या मारून सांगतात, की तू हरला. म्हातारा तरुणपणी एका पार्टीत डफ वाजवायचा. त्यामुळं कोण जिंकलं नि कोण हरलं हे आपल्याइतकं कोणालाच समजत नाही, असा त्याचा समज होता. भाषा समजण्याची गरज त्याला वाटली नाही.

नेमका त्या सकाळी व्याहीही घरी होता. सुनेचा बाप, सौंदडचा. नवे पोहे घेऊन आदल्या दिवशी आला होता आणि राहिला होता. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीन. रेल्वेत रुळांवर काम करून निवृत्त झालेला माणूस, आणि त्याला मिशी अशी, की माणूस आधी दिसायचा की मिशी, हे सांगता येत नव्हतं. तो तिला तेल लावायचा. दोन बोटांनी टोकं वळवून मग बोलायला सुरुवात करायचा.

दोघे म्हातारे खाटेवर, सून खाली विळी घेऊन, मी मधून मधून डोकावत होते.

"आता काय म्हणून राहिला तो?" म्हातारा विचारायचा.

"नोकऱ्या देतो म्हणते."

"अन् हा?"

"हा म्हणते, तू देत नाई, मीच देतो."

"धानाच्या भावाचं काय म्हणते?" व्याह्यानं विचारलं.

"धानाचं काही नाई बाबा."

"मग कायले ऐकून राहिलो आपण?"

पण उठलं कोणी नाही. म्हाताऱ्याला मधल्या माणसाचा राग येत होता. "हा पंच हाये का कोण हाये? कोणाले थांबवतच नाई. आपल्या मंडईत असा पंच असता तर लोकांनी त्याले उचलून तलावात टाकलं असतं." व्याह्याला आश्चर्य याचं, की दोघं एवढे जवळ उभे राहूनही कोणी कोणाच्या कॉलरला हात घातला नाही. "आपल्या चौकात दोन उमेदवार असे उभे करा," तो म्हणाला, "पहिलं माईक तुटंल, मग खुर्च्या, मग टेबल."

"टेबल पंचायतीचं असते," म्हातारा म्हणाला, "म्हणून पहिलं तेच तुटते."

बघताना बाजू पाहिजे. बाजू नसेल तर बघण्यात मजा काय? नावं त्यांना घेता येत नव्हती. सुनेनं सांगितली, पण दोघांच्याही जिभेवर बसेनात. एकाच्या गळ्यात निळी टाय होती, दुसऱ्याच्या लाल. झालं. म्हातारा म्हणाला, "मी निळ्याचा."

"मी बी निळ्याचाच," व्याही म्हणाला.

"दोघं निळ्याचे कसे चालतील? एकानं लाल घ्या."

"मी कायले लाल घेऊ? माह्या घरावर काय लाल झेंडा हाये? आमच्या वस्तीत पहिला निळा झेंडा माह्या बापानं लावला."

"अन् आमच्या वस्तीतला कोणी लावला? माह्याच बापानं."

दोघांचेही बाप दीक्षा घेऊन आलेले. दोघांच्याही घरात निळ्या रंगाला मान. आता अमेरिकेतल्या माणसाच्या गळ्यातल्या पट्टीचा आणि आमच्या झेंड्याचा काय संबंध? पण हे त्यांना सांगायला मी तिथं नव्हते, मी शेळ्यांचं दूध काढत होते. शेवटी व्याह्यानंच माघार घेतली. मिशीची टोकं वळवत म्हणाला, "घ्या तुमी निळा. मुलीच्या बापाच्या वाट्याले नेहमी उरलेलंच येते."

मग पैज लागली. दोन आठवड्यांनी हेच दोघं पुन्हा समोरासमोर येणार, असं सुनेनं सांगितलं होतं. त्या फेरीत लाल हरला, तर व्याह्यानं मिशी उतरवायची. निळा हरला, तर म्हाताऱ्यानं बोकड कापायचा आणि सौंदडच्या लोकांना जेवू घालायचं.

मला हे घरातल्या कोणी सांगितलं नाही. दुपारी पाण्यावर गेले तेव्हा शेजारणीनं विचारलं, "तुह्या बोकडाचं आता काय होते वो?"

"काय होते म्हणजे?"

तिनं सगळं सांगितलं. तिला सगळं माहीत होतं. गावात एक कोंबडं आरवलं तर शेवटच्या घराला कळते, पण ज्याच्या दारात आरवलं त्याला सांगायचं राहून जाते.

मी घागर तशीच ठेवून घरी आले.

"बोकड कोणाचा हाये?"

"आपला," म्हातारा म्हणाला.

"आपला म्हणजे कोणाचा?"

"घरचा."

"मग घरचा टीव्ही लावायचा होता पैजेवर."

"टीव्ही पोराचा हाये."

"टीव्ही पोराचा, अन् बोकड घरचा? वा."

मी म्हटलं, "विहारात हात जोडून पंचशील म्हणता ना? पहिलं शील काय हाये?"

"मी थोडीच मारून राहिलो," तो म्हणाला. "कापतील तर इवाई कापतील."

"अन् तुमी बघत बसाल."

"अवो, निळा हरतच नाई. कायले भिते?"

त्याला व्याह्यासमोर दिलेला शब्द फिरवायचा नव्हता. मला माझा बोकड द्यायचा नव्हता. मी त्याला तिथंच सांगितलं, "तुमचा निळा हरो नाईतर जिंको. माह्या हातातली दोरी सुटणार नाई. नंतर म्हणू नका, की सांगितलं नव्हतं." तो विळा घेऊन शेतावर निघून गेला. विळ्याचं त्या दिवशी काही काम नव्हतं.

संध्याकाळी सुनेला एकटी गाठून विचारलं, "खरं सांग, कोण जिंकते?"

ती तांदूळ निसत होती. म्हणाली, "आई, काही सांगता येत नाई. पण सकाळी निळा जरा ढिलाच पडला होता. तिकडचे लोक बी तेच म्हणून राहिले."

"मग मामाजीले काऊन नाई सांगितलं?"

"सांगून? एकीकडं बाबा, एकीकडं मामाजी. काही बोलली, की कोणीतरी म्हणणारच, बापाकडं झुकली नाईतर सासऱ्याकडं झुकली." ती खडा काढून फेकत म्हणाली, "माह्या परीक्षेत असा प्रश्न नाई येत, हे बरं हाये."

पुढचे दोन आठवडे गावाला दुसरा विषय नव्हता. बांधावर बायका विचारायच्या, "आज निळ्याची तब्येत कशी हाये?" किराणा दुकानात म्हाताऱ्याला कोणी म्हणायचं, "काका, मसाला आताच घेऊन ठेवा, मंग महाग होईल." पोवार पाटील रोज कुडावरून बोकडाकडं बघायचा आणि म्हणायचा, "भई, खिलाते रहो, खिलाते रहो." मी त्याला सांगितलं, "पाटील, नजर लावू नका. त्याच्यात तुमचा वाटा नाई." म्हातारा मात्र खुशीत होता. लोकांना निळ्या माणसाचं कौतुक सांगत फिरायचा. काय त्याचं उभं राहणं, काय त्याचा आवाज, आणि तो लाल म्हणजे चोट्टा, डोळ्यांतच दिसते. ज्याचं एक वाक्य समजलं नव्हतं त्याचा स्वभाव त्याला पाठ झाला होता.

ती सकाळ आली. व्याही आदल्या दिवशीच येऊन राहिला होता आणि येताना सुरी फडक्यात गुंडाळून घेऊन आला होता. हे मला आवडलं नाही. पैजेवर मिशी लावलेल्या माणसानं येताना वस्तरा आणावा. मी तसं बोलूनही दाखवलं.

"वस्तरा लागणारच नाई, इहीनबाई," तो म्हणाला.

पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खाटेवर दोघे म्हातारे. पाटील खुर्चीवर, कारण खुर्ची त्यानं घरून आणली होती. दारात, सपरीत, अंगणात बायका. मी सगळ्यांसाठी काळा चहा ठेवला, दूध थेंबभरही घातलं नाही. माझ्या बोकडाच्या मरणाला आलेल्या लोकांना माझ्याच शेळ्यांचं दूध कायले देऊ?

सुनेनं टीव्ही लावला. या वेळी मेजं नव्हती. दोघांना उंच स्टुलं दिली होती आणि भोवती लोक बसवले होते. ते दोघं हातात माईक घेऊन चालत आले.

मग अंगणातून कोणीतरी बोललं, "अवो माय! यायनं तर बदलून घातल्या!"

खरंच बदलल्या होत्या. मागच्या वेळी निळी टाय घातलेला आज लाल टाय घालून आला होता. आणि लालवाल्याच्या गळ्यात निळी.

व्याही टुणकन उठून उभा राहिला. "माहा माणूस निळ्यात आला! म्हणजे मी निळा झालो!"

"बसा खाली," म्हातारा म्हणाला. "अशी निशाणी मधात बदलते का? अर्ज भरल्यावर निशाणी बदलत नाई. कायदा हाये."

"तुमी जाऊन सांगा त्याइले कायदा."

"मामाजी," सून म्हणाली, "माणूस तोच हाये. टायचं काही नसते. ते रोज वेगळी घालतात."

"कसं काही नसते? आमची पैज कशावर हाये? निळ्यावर हाये का त्याच्या नावावर हाये?"

"नाव तुमाले येतेच कुठं?" मी दारातून म्हटलं.

पाटलानं हात वर केला. "देखो भई, सीधी बात. या तो आदमी पकड़ो, या तो रंग पकड़ो. दोन्ही नाई चालत."

मी म्हाताऱ्याकडं बघितलं. डोळ्यांनीच त्याला सांगितलं, की माणूस धरा. इतके दिवस ज्याचं कौतुक सांगितलं तोच धरा. मला आवाज काढून सांगता आलं असतं. पण मी सांगितलं असतं तर त्यानं मुद्दाम उलटं केलं असतं, म्हणून डोळ्यांनीच सांगितलं. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा. आणि मग गावाकडं बघितलं, आणि गाव आपल्याकडं बघत आहे हे त्याच्या लक्षात आलं. तिथंच घात झाला.

तो छाती काढून म्हणाला, "माणूस आज हाये, उद्या नाई. आपण निळा सोडत नाई. जो निळा घालंल तो आपला."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. व्याह्याला पुन्हा लालच मिळाला. तो खाली बसला आणि पुटपुटला, "उरलेलं."

मग जे झालं ते टीव्हीपेक्षा खोलीतच जास्त बघण्यासारखं होतं. कालपर्यंत ज्याला म्हातारा चोट्टा म्हणत होता, त्यानं आज तोंड उघडलं की म्हातारा म्हणायचा, "वा! पहा कसा बोलते!" आणि ज्याचं कौतुक सांगून त्यानं गावाचे कान किटवले होते, तो बोलायला लागला की, "हट, याच्यात काही दम नाई." व्याह्याचं उलटं. पाटील हसून हसून खर्रा सांडत होता. "नेते वहीं के वहीं हैं," तो म्हणाला, "पब्लिकनं पक्ष बदलला."

एकदा दोघं चालत चालत इतके जवळ आले, की छातीला छाती लागंल असं वाटलं. व्याही ओरडला, "आता! आता धर त्याले!" पण ते नुसते बोटं दाखवून मागं फिरले. बायका नाराज झाल्या. एकीनं विचारलं, "यायच्या बायका कुठं हायेत?" सून म्हणाली, खाली बसल्या आहेत, शेवटी वर येतात. दुसरी म्हणाली, "मग घरी गेल्यावर खरी गंमत होत असंल."

मी टीव्ही कमी आणि सुनेचं तोंड जास्त बघत होते. तिला समजत होतं, म्हणून माझा टीव्ही तीच. सुरुवातीला तिचं तोंड साधं होतं. मग लालवाला काहीतरी बोलला, निळा अडखळला, आणि तिथं बसलेली माणसं हसली. सुनेनं ओठ आत ओढून घेतला. तेव्हाच मी मागच्या दारानं जाऊन बोकडाची दोरी खुंट्यावरून सोडली आणि हाताला गुंडाळली.

मी बोकडाला घेऊन दारात परत आले तर सगळं संपलं होतं. दोघं हात मिळवत होते. त्यांच्या बायका वर आल्या होत्या, ज्याची त्यानं आपापली जवळ घेतली होती. इकडं सगळे निकालाची वाट बघत बसले.

"आता पंच सांगंल," म्हातारा म्हणाला.

"मामाजी, पंच नाई सांगत."

"मग कोण सांगते?"

"कोणी नाई. निकाल नसतेच."

"नसते म्हणजे? एवढा वेळ बोलून राहिले ते कायले?"

मग टीव्हीवर टेबलाभोवती चार-पाच माणसं आली आणि एकदम बोलायला लागली. सगळे सुनेकडं बघू लागले. तिनं बराच वेळ ऐकलं. म्हातारा म्हणाला, "सांग ना वो."

"ते म्हणतात," ती खाली बघून म्हणाली, "आज लालवाला भारी पडला."

"बापाकडं झुकली!" दारातून एक आवाज आला.

सुनेनं रिमोट उचलला आणि आवाज इतका वाढवला, की बोकड दचकला. "मग तुमीच ऐका!" ती म्हणाली. "घ्या, ऐका! कोणाले काय समजते ते सांगा मले!" मग आवाज बंद केला. त्या खोलीत तिला असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. व्याही मात्र तोवर फडकं सोडत होता.

तर अशी ती वेळ. "निळा हरला," "दोरी सोडा," "सोडत नाई."

"इहीनबाई, जबान म्हणजे जबान," व्याही म्हणाला. सगळ्यांसमोर जिंकला होता, त्याला तरी का सोडावंसं वाटेल?

"कोणाची जबान? बोकडाची? ती तर मे-मे हाये."

लोक हसले. व्याही नाही हसला. "यायनं दिलेली जबान," तो म्हाताऱ्याकडं बोट करून म्हणाला.

"मग यायलेच कापा."

सून मध्ये पडली. म्हणाली, "बाबा, ते टेबलवाले बोलतात तो काही निकाल नाई. खरा निकाल पुढच्या महिन्यात हाये, मतदान झाल्यावर. तोवर सुरी ठेवा." पोरगी शहाणी, तिनं सगळ्यांना पळवाट काढून दिली. व्याह्यानं मान हलवली. म्हाताऱ्यानंही हलवली. पाटीलसुद्धा म्हणाला, "तारीख पे तारीख, ठीक है."

पण मी नाही हलवली. महिनाभर बोकड खुंट्याला बांधलेला आणि त्याच्या मानेवर अमेरिकेचं मतदान! आज टळलं तर पुढच्या महिन्यात हीच माणसं, हीच सुरी, फक्त चहा पुन्हा करावा लागणार. आणि तेव्हा निळा जिंकला असता, तर म्हातारा म्हणाला असता, पाहिलं, मी लावला म्हणून वाचला. बोकड वाचूनही त्याचाच झाला असता.

"पुढचा महिना नाई," मी म्हटलं. "आजच संपवा. इवाई, मले एक सांगा. तुमी मिशी लावली. मिशी कोणाची हाये?"

"माही."

"तुमच्याच तोंडावरची. कोणाले विचारायचं काम नाई. अन् यायनं काय लावलं? माह्या खुंट्यावरचं. मले विचारलं का?" मी म्हाताऱ्याकडं वळले. "विचारलं का तुमी?"

त्यानं कपबशी खाटेखाली सरकवली.

"तुमी सांगा. सगळ्याइसमोर सांगा. बोकड कोणाचा हाये? 'घरचा' म्हणू नका."

अंगणातल्या बायका आता हसत नव्हत्या. त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या घरी दोन-चार शेळ्या, कोंबड्या होत्या. म्हातारा टीव्हीकडं बघायला लागला. तिथं ते दोघं अजून हात मिळवत होते. त्यांची त्याला काही मदत झाली नाही. इकडंतिकडं बघून शेवटी तो मला नाही, व्याह्याला म्हणाला, "बोकड तिचा हाये, इवाई. माहा नाई."

"मग तुमच्या नसलेल्या वस्तूवर पैज लावली का तुमी?" व्याही चिडला. "म्हणजे मी मिशी खरी लावली, अन् तुमी हवा लावली?"

"हवाच लावली," मी म्हटलं. "आता जे तुमचं हाये ते लावा. तोंडावर हाये ना थोडं?"

म्हाताऱ्याचा हात आपोआप वरच्या ओठावर गेला. त्याची मिशी म्हणजे नावाला होती, पाऊस न पडलेल्या वर्षीच्या धानासारखी विरळ. व्याह्यानं ती नीट निरखून बघितली. मग बोकडाकडं बघितलं. मग माझ्याकडं. तुलना करून त्याला वाईट वाटत होतं, हे स्पष्ट दिसत होतं. पण मी मुलीची सासू. विहीण रुसली तर मुलीला माहेरी पाठवणार नाही, पाहुण्यांत नाव खराब करील, ही भीती प्रत्येक मुलीच्या बापाला असते. मी तसं काही करणार नव्हते. पण तसं सांगितलंही नाही.

"ठीक हाये," तो म्हणाला. सुरी पुन्हा फडक्यात गेली. "उरलेलंच घेतो."

म्हाताऱ्याचीच दाढीची पेटी काढली. व्याह्यानं स्वतः म्हाताऱ्याच्या ओठाला साबण लावला आणि रुळावर काम करणाऱ्या हातानं, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून, मिशी साफ केली. बायकांनी कडेनं गर्दी करून बघितलं. टीव्हीवर कोण काय बोलत होतं, कोणी ऐकलं नाही. साबण पुसल्यावर म्हाताऱ्याचा ओठ उकडून सोललेल्या शिंगाड्यासारखा दिसत होता. पाटील म्हणाला, "इतनी-सी थी क्या?"

बायका मग धान कापायला गेल्या. दिवसभर शेतातून त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता.

व्याह्याला मी अंड्याचा रस्सा आणि भात वाढला. तो मिशीला लागू न देता जेवला आणि म्हणाला, "बोकड बरा लागला असता."

"लागला असता," मी म्हटलं, आणि अजून एक अंडं वाढलं.

मिशी पुन्हा उगवेपर्यंत म्हातारा घरात कमी बोलला. किराणा दुकानातही कमी गेला. माझ्याशी त्यानं त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. पण पुढं कधी शेळी विकायची वेळ आली आणि घेणारा अंगणात त्याच्याशी बोलायला लागला, की तो हात झटकायचा. "तिले विचारा," म्हणायचा. "मले कायले विचारता? माहा तर टीव्ही बी नाई."

पुढच्या महिन्यात तिकडं मतदान झालं. कोण आला ते सुनेनं सांगितलं, आम्ही हो म्हटलं. दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई झाली, तेव्हा खडी गंमतीच्या शाहिरानं ही गोष्ट कुठून तरी ऐकून तिच्यावर एक सवाल रचला होता. म्हातारा उठून मागच्या बाजूला जाऊन बसला. मी पुढंच बसले.

सुनेला नंतर ग्रामसेवकाची नोकरी लागली. ती आता कामासाठी मोटरसायकलवर फिरते आणि लोकांना ठणकावून बोलते. ते ती त्याच सकाळी शिकली असं मी म्हणत नाही, पण मी तिला आधी तसं बोलताना ऐकलं नव्हतं, एवढं खरं.

त्या सकाळी खोलीत होतो त्यांपैकी पोवार पाटील गेला. म्हातारा गेला, छातीत दुखून, कापणीच्याच दिवसांत. व्याही सौंदडला आहे, ऐकायला कमी येतं. सून आहे. मी आहे. बोकड म्हाताऱ्याच्या नंतरही दोन उन्हाळे जगला.